खारीपासून पायपर्यंत: सोलापुरात बेकरीची चव घेताना

बेकरीची चव घ्यायला निघायचं असेल त्या दिवशी सकाळी शेंगाचटणी ताटात घेऊ नये. सोलापुरात हे सांगणं जड जातं, पण लसूण आणि तिखट जिभेवर दोन तास तरी ठाण मांडून बसतात. मग व्हॅनिला काय आणि अननस काय, सगळं सारखंच गोड लागतं. कडक भाकरी मात्र पिशवीत असू द्यावी. ज्वारीची पातळ, वाळलेली, शक्यतो बिनतिळाची. दोन पदार्थांच्या मध्ये तिचा सुपारीएवढा तुकडा नीट चावला की टाळ्याला बसलेला तुपकटपणा पुसला जातो. त्यावर दोन घोट कोमट पाणी घ्यावं. गार पाणी प्यायलं तर तोंडातलं तूप थिजतं आणि पुढच्या घासाची चव त्याच्याखाली दबते.

ही फेरी आम्ही दोघांनी दोनदा केली, एकदा नोव्हेंबरच्या शेवटी आणि एकदा मे महिन्यात. दुकानं आणि पदार्थ तेच ठेवले. सकाळी पेठांमधल्या जुन्या भट्टीवाल्या बेकऱ्या आणि संध्याकाळी सात रस्ता, होटगी रोड, जुळे सोलापूर या बाजूची नवी कॅफे, असा क्रम होता. सोबत पातळ पात्याची सुरी, दोन स्टीलचे चमचे, टोक खुपसून मोजायचा थर्मामीटर, छोटा वजनकाटा आणि वही. एका दिवसात सहा पदार्थ, प्रत्येकाचे दोन-तीन घास. सातव्या पदार्थानंतर जीभ गोडाला बधिर होते, तेव्हा नोंदीत फक्त ‘छान’ आणि ‘बरा’ एवढंच उरतं.

क्रमही ठरलेला हवा. आधी खारट आणि कोरडं, मग साधा स्पंज, मग फळांचा पाय (इंग्रजीतला ‘pie’, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून भाजलेला), मग क्रीमची पेस्ट्री आणि सगळ्यात शेवटी चॉकलेट. चॉकलेट आधी खाल्लं की त्याच्या कडवटपणापुढे अननसाची पेस्ट्री नुसतं साखरपाणी वाटते. प्रत्येक पदार्थाला आम्ही जो प्रश्न विचारत होतो तो एकच: घास गिळल्यावर मिनिटाभराने जिभेवर काय उरतं? सोलापूरच्या उन्हात बेकरीवाल्याने कुठलं लोणी, कुठलं मार्जरीन (वनस्पती तेलापासून केलेलं लोण्यासारखं फॅट), कुठलं क्रीम वापरलं याचा पत्ता त्यातूनच लागतो आणि बाकीची चव बहुतेक त्यावर ठरते.

खारीपासून सुरुवात करायची ती यासाठीच. जुन्या भट्टीचा दिवस पावाने सुरू होतो. लाकडं जाळून भट्टी तापली की आधीच्या कडक आचेवर लादी पाव, ती जरा उतरली की खारी आणि बन, मग नानकटाई-बिस्किटं आणि शेवटी मंद उबेवर टोस्ट नि बटर वाळतात. (हे बटर म्हणजे चहात बुडवायचं कडक, गोल. लोण्याचा त्याच्याशी फक्त नावापुरता संबंध.) म्हणून दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न ‘मालक, आजची खारी किती वाजता निघाली?’ असा असावा. ‘ताजी आहे’ हे उत्तर पुरेसं नाही. वेळ सांगणारा माणूस भट्टीच्या जवळचा असतो. भट्टीतून निघून तासभर झालेली खारी सगळ्यात चांगली. गरम खारी आतून ओलसर असते आणि पदर नीट सुटलेले नसतात.

खारी हे आपल्या चिरोट्याचंच भावंड आहे. चिरोट्यात पोळ्यांच्या मध्ये तूप-तांदळाच्या पिठीचा साटा असतो, इथे मैद्याच्या पोळीत फॅटचा थर घालून घड्या घालतात. पोळीची तिपदरी घडी सहा वेळा लाटली तर हिशेबाने फॅटचे ७२९ थर होतात. खारीला बहुतेकदा त्याहून कमी घड्या असतात आणि तिला त्या पुरतात. भाजताना पिठातल्या पाण्याची वाफ होते, मधला फॅटचा थर तिला अडवतो आणि पदर वर उचलला जातो. लाटताना फॅट वितळून पिठात मुरलं तर थरच उरत नाहीत, आणि मग खारीऐवजी वातड बिस्कीट हातात येतं.

इथेच सोलापूरचा उन्हाळा आडवा येतो. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतात. भट्टीच्या खोलीची गोष्टच वेगळी. अशा खोलीत लोण्याची घडी टिकवणं जवळजवळ अशक्य. म्हणून पफसाठीचं खास मार्जरीन वापरतात. ते ४० अंशांच्या पुढे वितळतं, लाटताना चिकणमातीसारखं पसरतं आणि थर राखतं. आम्ही याला फसवणूक म्हणत नाही, कारण त्याशिवाय इथे उन्हाळ्यात खारी होणारच नाही. पण आपल्या तोंडात असतात ३६-३७ अंश. तिथे ते मार्जरीन पूर्ण वितळत नाही आणि टाळ्याला मेणासारखा पातळ तवंग उरतो. खारी चहात का बुडवतात याचं अर्धं उत्तर यात आहे. गरम चहात तो थर वितळतो आणि तवंग चहाबरोबर निघून जातो.

म्हणून खारीची चव दोनदा घ्यायची, आधी कोरडी, मग चहासोबत. कोरडी खाताना ती आधी उभी मोडून बघावी. आतले पदर वेगवेगळे मोजता आले पाहिजेत. बाहेर सोनेरी आणि मध्ये पांढरी, चिकट पट्टी दिसली तर आच जास्त आणि वेळ कमी पडलेला असतो. तळ तेलकट आणि कागदावर डाग पडत असेल तर भट्टी पुरेशी तापलेली नव्हती, फॅट वाफेच्या आधीच गळून गेलं. वास घेताना जुन्या खोबऱ्यासारखा खवट वास आला तर पुढे खाऊ नये. उन्हाळ्यात डब्यातली खारी आठवड्याभरातही खवट होऊ शकते, पावसाळ्यात ती सादळते. सादळलेली खारी १५० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटं ठेवून परत कुरकुरीत करता येते. खवट झालेलीला मात्र इलाज नाही.

ट्रान्स फॅटबद्दल, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक फॅटबद्दल, एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. जानेवारी २०२२ पासून देशात तेल-तूप-वनस्पतीमधल्या औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्के आहे. त्यामुळे मार्जरीन दिसलं की लगेच विष म्हणायची गरज नाही. मार्जरीनची बॅग किंवा खोका दाखवायला मालकाची हरकत नसेल तर लेबल वाचावं. जुन्या दुकानांत आम्हाला दोनदा विनासंकोच दाखवलं.

नानकटाईत लपवायला जागा नसते, म्हणून चव घेणाऱ्यासाठी ती फार सोयीची. मैदा, तूप किंवा वनस्पती, पिठीसाखर आणि वेलची किंवा जायफळ, एवढंच साहित्य. तूप आणि पिठीसाखर हलकं होईपर्यंत फेसलेलं असेल तर नानकटाई दाताखाली भुगा होते. फेसणं कमी पडलं तर ती टणक राहते, सोडा जास्त झाला तर ती पसरट, तडकलेली आणि जिभेच्या मागे साबणासारखी लागते. तुपातली नानकटाई खाल्ल्यावर टाळा स्वच्छ असतो आणि वेलची शेवटपर्यंत येते. क्रीमरोलबद्दल एवढंच, की नळी आणि क्रीम वेगळं चाखावं. सकाळी भरलेला रोल दुपारपर्यंत आतून मऊ पडतो, म्हणून जो दुकानदार मागितल्यावर भरून देतो त्याच्याकडेच घ्यावा.

आता केक. पेस्ट्रीचा तुकडा समोर आला की आधी सुरीने सरळ कापून उभा छेद बघतो. स्पंजची जाळी सारखी, बारीक हवी. मधे उभे बोगदे दिसले तर मैदा घातल्यावर फार फेटलं गेलं आहे. तळाशी ओलसर, गडद पट्टी असेल तर मिश्रण ओव्हनमध्ये जाण्याआधी थांबून राहिलं, किंवा ओव्हनचं दार लवकर उघडलं. मग क्रीम बाजूला सारून नुसत्या स्पंजचा घास. अंड्याच्या साध्या स्पंजचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: एका अंड्याला ३० ग्रॅम साखर आणि ३० ग्रॅम मैदा. चार अंडी असतील तर १२०-१२०. अंडी आणि साखर फेटताना तयार झालेल्या हवेवरच हा स्पंज फुगतो. त्यामुळे तो बोटाने दाबला की परत वर येतो, आणि कोरडा असला तरी घशात अडकत नाही.

आजकाल बऱ्याच ठिकाणी तयार प्रीमिक्स किंवा केक जेल (मिश्रणातली हवा धरून ठेवणारं तयार जेल) घालून स्पंज करतात. जेलमुळे सगळं साहित्य एकदम टाकून पाच-सात मिनिटांत मिश्रण फुलतं, दर वेळी सारखं येतं, बिघडण्याची भीती कमी. ओळखायची खूण अशी: जाळी फार बारीक आणि अगदी एकसारखी असते, स्पंज ओलसर वाटतो, पण दोन बोटांत दाबून गोळी केली तर ती लाटीसारखी चिकट होते. चावताना टाळ्याला बसते. दोनशे पेस्ट्रींचं काम रोज उचलणाऱ्या दुकानाने जेल वापरलं तर समजू शकतो. पण तोच केक ‘घरगुती’ म्हणून दुप्पट भावात विकला जात असेल तर ते आम्हाला खटकतं.

सोलापुरात एगलेसची मागणी मोठी. लिंगायत, जैन, मारवाडी घरं बरीच आहेत, आणि श्रावणात इतरांकडेही अंडं बंद असतं. एगलेसला कमी लेखायची पद्धत चुकीची आहे. कंडेन्स्ड मिल्कचा चांगला केक अंड्याच्या स्पंजहून वेगळा पदार्थ आहे, त्याला त्याच्या जागी तोलावं. ४०० ग्रॅमच्या डब्याला साधारण २५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम लोणी, दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर आणि एक चमचा सोडा, असं घरोघरी चालणारं माप आहे. इथे फुगवण्याचं काम हवेऐवजी सोड्याकडे असतं, आणि बिघाडही तिथूनच होतो. सोडा नीट चाळला गेला नाही तर छेदात तपकिरी ठिपके दिसतात आणि तिथे जीभ आखडते. आंबट घटक, म्हणजे दही किंवा व्हिनेगर, कमी पडलं तर केक पिवळट-तपकिरी होतो आणि साबणाची चव मागे राहते. ही चव झाकायला काही जण एसेन्स वाढवतात. घास तोंडात घालण्याआधीच हातभर अंतरावर व्हॅनिलाचा घमघमाट आला तर आम्ही सावध होतो. पाकीटबंद केकवर हिरवा ठिपका बघावा. सुट्या पेस्ट्रीबद्दल, ज्यांना पथ्य काटेकोर पाळायचं आहे त्यांनी भांडी आणि बीटर वेगळे आहेत का, हे विचारावंच.

क्रीमची पारख ताटलीतच होते. पेस्ट्री फ्रिजमधून निघाली तेव्हा आमच्या थर्मामीटरवर ५-६ अंश होते. एवढ्या गारव्यात गोडी आणि वास दोन्ही दबतात. नोव्हेंबरमध्ये आठ-दहा मिनिटं थांबलो, मेमध्ये पाच मिनिटंही जास्त झाली. या थांबण्यातच क्रीमचा स्वभाव कळतो. वनस्पती फॅटचं व्हिपिंग क्रीम पांढरंशुभ्र असतं, फुलाच्या पाकळीची धार तशीच उभी राहते, ते फेटल्यावर तिप्पट-चौपट फुगतं. दुधाचं क्रीम किंचित पिवळसर, त्यात ३० ते ३५ टक्के स्निग्धांश लागतो. फेटून ते दुपटीच्या आसपासच फुगतं आणि उकाड्यात त्याच्या कडा लवकर ढळतात. चमच्याने नुसतं क्रीम घेऊन जीभ टाळ्याला लावावी. दुधाचं क्रीम वितळून जातं आणि मागे दुधाची साय खाल्ल्यासारखं वाटतं. दुसरं हवेसारखं विरतं, पण गोडी आणि मेणचट थर मागे ठेवतं.

मेमध्ये दुधाच्या क्रीमची पेस्ट्री विकणारं दुकान बघितलं की आम्ही आधी विचारतो, लाइट गेली तर इन्व्हर्टरवर शोकेस चालते का? तासभर बंद पडलेल्या शोकेसमधलं क्रीम परत गार होतं, पण मोडलेला फेस परत येत नाही. त्याच्या तळाशी पाणी सुटतं आणि स्पंज खालून भिजतो. क्रीमच्या पृष्ठभागावर बारीक थेंब जमलेले दिसले, बाजूला पुठ्ठा ओला असेल, तर ती पेस्ट्री घेऊ नये. आंबूस वास यायची वाट बघायचं कारण नाही.

ब्लॅक फॉरेस्टवरची ती लाल चेरी बहुतेक वेळा रंगवून पाकवलेलं करवंद असतं आणि टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपई. त्यात वाईट काही नाही, फक्त त्यांच्याकडून फळाच्या चवीची अपेक्षा ठेवू नये. अननसाच्या पेस्ट्रीत डब्यातल्या फोडींचा रस स्पंजला लावलेला असेल तर आंबटगोड चव शेवटपर्यंत येते. नुसता साखरपाक असेल तर तिसऱ्या घासालाच कंटाळा येतो.

सोलापूरची म्हणून जी पेस्ट्री आम्ही मनापासून सुचवू ती सीताफळाची. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्यात विकसित झालेलं एनएमके-१ गोल्डन हे मोठ्या फळाचं, कमी बियांचं वाण जिल्ह्यातलंच आहे, त्यामुळे मोसमात गर जवळ मिळतो. पण हे फळ आचेचं वैरी. गर शिजवला की कडवट होतो. म्हणून तो गारच क्रीममध्ये हलक्या हाताने मिसळावा लागतो, आणि अशी पेस्ट्री त्याच दिवशी संपवावी लागते. चांगल्या पेस्ट्रीत गराची रवाळ कणी जिभेला लागते, रंग जवळजवळ पांढरा असतो आणि कापल्यावर उघड्या गराला तास-दोन तासांत तपकिरी छटा येते. हिरवट रंग आणि गुळगुळीत क्रीम दिसलं तर ते एसेन्स समजावं. कडवट शेपूट लागली तर गर गरम केलेला आहे, किंवा मिक्सरमध्ये बी फुटली आहे. बी खाण्याची वस्तूच नाही, त्यामुळे असा तुकडा सरळ परत करावा. नोव्हेंबरच्या फेरीतली सीताफळाची पेस्ट्री दोन्ही फेऱ्यांत मिळून सगळ्यात चांगली होती. मेमध्ये तिच्या जागी गोठवलेल्या गराची मिळाली. वास होता, कणी नव्हती.

पाय इथे जुन्या बेकरीत मिळत नाही, त्यासाठी कॅफे गाठावं लागतं आणि बहुतेक ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं. पायच्या पारीचं वजनी माप तीन भाग मैदा, दोन भाग लोणी, एक भाग पाणी. ३०० ग्रॅम मैद्याला २०० ग्रॅम लोणी आणि १०० ग्रॅम बर्फाचं पाणी. करंजीच्या मोहनाची ज्यांना सवय आहे त्यांना मर्म लगेच कळेल: लोणी मैद्यात बारीक गोळ्यांच्या रूपात राहिलं तरच पारी खुसखुशीत होते. आपण करंजीत मोहन कडकडीत घालतो, इथे सगळं गार लागतं, एवढाच उलटा कारभार. उन्हाळ्यात मैदा, भांडं, लाटणंसुद्धा फ्रिजमध्ये ठेवल्याशिवाय हे जमत नाही. लोणी वितळलं की पिठाला पाणी जास्त पोचतं, चिवटपणा वाढतो आणि भाजताना पारी आक्रसून कडांवरून खाली घसरते. मेमध्ये आम्हाला मिळालेल्या पायची कड बोटभर खाली आली होती आणि सुरीला जोर लावावा लागला, तेव्हा काय झालं असेल ते चव घेण्याआधीच कळलं.

पायचा तुकडा आधी उचलून खालून बघावा. तळ सोनेरी, कोरडा, कडक पाहिजे. राजमा किंवा हरभऱ्याचं वजन ठेवून पारी १९० अंशांना पंधरा मिनिटं आणि वजन काढून आणखी सात-आठ मिनिटं कोरडी भाजली तर तळ ओला राहत नाही. हे टाळून थेट सारण ओतलं की तळाशी कच्च्या पिठाची लगदा पट्टी उरते. मग सारणाचा घास. सफरचंदाची फोड दाताला लागली पाहिजे, तिचा गर होता कामा नये. नोव्हेंबरला नव्या हंगामाचं फळ असतं, मेमध्ये शीतगृहातलं, पिठूळ. रस घट्ट करायला कॉर्नफ्लोअर घातलेलं असतं, ते उकळी फुटेपर्यंत शिजलं नसेल तर जिभेवर खडूसारखं लागतं. दालचिनी फार झाली की फळाचा आंबटपणा हरवतो. लिंबाच्या दोन थेंबांनी जे काम होतं ते दोन चमचे दालचिनीने होत नाही. केळं आणि टॉफीचा बनॉफी पाय मात्र उन्हाळ्यात विश्वासाने मागवावा. १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या पायचा तळ आता सगळीकडे बिस्किटांच्या चुऱ्याचा करतात, ओव्हनची आणि लाटण्याची भानगडच नाही. केळं काळं पडलंय का आणि टॉफी कणीदार झाली आहे का, एवढं बघितलं की झालं.

शेवटी चॉकलेट. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे तोंडात लगेच आणि मेमध्ये ताटलीतही. म्हणून बहुतेक दुकानांत कंपाउंड वापरतात, ज्यात कोको बटरच्या जागी वनस्पती फॅट असतं. ट्रफल पेस्ट्रीच्या वरचा थर नखभर घेऊन जिभेवर न चावता ठेवावा. पंधरा-वीस सेकंदांत रेशमासारखा वितळला आणि मागे कडवट-आंबट कोको राहिला तर दुकानदाराने पैसे खर्च केलेत. तो चावूनच संपवावा लागला तर कंपाउंड.

प्रत्येक पदार्थाचा निम्मा तुकडा आम्ही घरी आणतो. मेमध्ये थर्माकोलचा डबा आणि बर्फाची पिशवी लागते, रिक्षात डबा मांडीवर न ठेवता पायाशी सपाट ठेवावा, रस्त्याच्या धक्क्यांनी थर तिथे कमी सरकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकेक घास. तुपाची नानकटाई आदल्या दिवशीपेक्षा चांगली लागते, वेलची मुरलेली असते. अंड्याचा स्पंज जरा कोरडा पडतो, जेलचा होता तसाच ओलसर असतो. पायचा तळ रात्रीतून मऊ झाला असेल तर १६० अंशांना दहा मिनिटं गरम करून मग ठरवावं. खारी डब्यात कागद घालून ठेवलेली असते, ती पुन्हा एकदा कोरडी आणि मग चहासोबत. सीताफळाची पेस्ट्री मात्र रात्रीच संपवलेली बरी.